रेंजफाइंडरसाठी ५० मिमी लेन्स: एफ/१.४ घ्यायची की एफ/२?

आधी स्वतःच्या कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर (लेन्सबाहेरच्या वेगळ्या खिडकीतून फोकस जुळवण्याची यंत्रणा) बघा, लेन्स नंतर. एफचा आकडा जितका लहान, तितकं अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, मोठं. ०.७ मीटरवर एफ/१.४ ला जेमतेम दीड सेंटिमीटर भाग धारदार येतो. एफ/२ ला सव्वादोन. लायका एम३ चा व्ह्यूफाइंडर ०.९१ पट दाखवतो, त्यामुळे तिथे ५० मिमीचा फोकस अचूक साधतो. ०.७२ पटवाल्या एम६ वरही जमतं. फोक्टलेंडर बेसा आर मालिकेतल्या आखूड पायाच्या (रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर कमी असलेल्या) कॅमेऱ्यांवर मात्र जवळून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून डोळ्यांऐवजी कान धारदार येण्याची भीती असते. तिथे एफ/२ पुरे.

दुसरी गोम म्हणजे फोकस सरकणं. झाइस सी सोनार एफ/१.५ सारख्या रचनेत अ‍ॅपर्चर बंद करत गेलं की फोकस मागे सरकतो. रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून पाहतच नाही, त्यामुळे हे कळतं ते फिल्म धुऊन आल्यावर.

जुनी लेन्स घेताना टेबलावर पट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, एक मीटर अंतर, फोकस मधल्या आकड्यावर. पूर्ण उघड्यावर, मग २, २.८ आणि ४ ला एकेक फ्रेम घ्या. सोव्हिएत ज्युपिटर-३ या लेन्सची ही चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका; त्यातल्या बऱ्याच जवळून चुकतात, दूरचं बरोबर येतं.

आणि भर उन्हात आयएसओ ४०० ची फिल्म आणि जास्तीत जास्त १/१००० सेकंदाचं शटर असेल तर प्रकाश फार होतो, एफ/१.४ तसंही वापरताच येत नाही.