डोळ्याच्या खोबणीतली गाठ : या चुका टाळा

एक डोळा पुढे आलाय असे वाटले, तर समोरून पाहून ठरवू नका. रुग्णाला खुर्चीवर बसवून मान मागे टाकायला सांगा आणि मागे उभे राहून भुवयांवरून खाली पाहा. डोळा किती पुढे आलाय ते मोजणाऱ्या हर्टेलच्या मापकावर दोन डोळ्यांत 2 मिलिमीटरहून जास्त फरक भरला, तर पुढची तपासणी लांबवू नये. लग्नातला जुना फोटो मागवा. बदल कधीपासूनचा ते कळते. मोठा मायनस नंबर असलेला डोळाही पुढे आल्यासारखा दिसतो. थायरॉईडची रक्ततपासणी तर कराच. प्रौढांत एकच डोळा पुढे आला, तरी बहुतेक वेळा कारण तेच निघते.

सगळ्यात घातक चूक स्टेरॉईडची. सूज दिसली की गोळ्या सुरू होतात, आठवडाभरात डोळा आत जातो, घरचे निर्धास्त होतात. पण लिम्फोमाही (लिम्फ पेशींचा कर्करोग) स्टेरॉईडने आकसतो. मग काही महिन्यांनी रुग्ण बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) येतो तेव्हा बायोप्सीतून, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीतून, धड निदान निघत नाही. म्हणून आधी तुकडा, मग गोळी. लिम्फोमाची शंका असेल तर तुकड्याचा काही भाग सलाईनने ओलसर ठेवून ताजाच प्रयोगशाळेत पाठवा. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) करता येत नाही.

मात्र सरसकट तुकडा काढणेही चूकच. अश्रुग्रंथीतली न दुखणारी, वर्षभराहून जास्त काळ सावकाश वाढलेली, गुळगुळीत कडांची गाठ आवरणासकट अख्खी काढावी लागते. आवरण फाटले तर ती वर्षांनी परत उगवते, कधी कर्करोग होऊन. दुखणारी, काही महिन्यांतच वाढून हाड पोखरणारी गाठ असेल, तिथे मात्र आधी बायोप्सी हवी.

लहान मुलाचा डोळा काही दिवसांतच पुढे आला तर जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिकवर थांबून राहू नका. 48 तासांत उतार नाही तर लगेच स्कॅन करा. रॅब्डोमायोसार्कोमा (मुलांतला, झपाट्याने वाढणारा कर्करोग) असाच दिसतो. तो खोबणीपुरताच असेल आणि केमो-रेडिएशन वेळेत मिळाले, तर दहातली नऊ मुले वाचतात.

स्कॅनच्या चिठ्ठीवर नुसते ‘मेंदूचा सीटी’ लिहू नका. जाड कापांत लहान गाठ निसटते. ‘खोबणीचा सीटी, 1 ते 2 मिलिमीटरचे काप, आडवे आणि कोरोनल (समोरून दिसणारे उभे)’ असे स्पष्ट लिहा. दृष्टिमज्जेजवळची (ऑप्टिक नर्व्हजवळची) गाठ असेल तर चरबीचा सिग्नल दाबलेला, कॉन्ट्रास्टसह एमआरआय हवा.

पुढच्या उपचारांना मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये जायचे ठरले, तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे), स्लाईड आणि स्कॅनची सीडी निघण्यापूर्वीच मागून घ्या.