१६०० मीटरचं टायमिंग उतरवायचंय? रोज फुल ताकदीने पळणं आधी थांबवा

पोलीस भरतीची चाहूल लागली की जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं पहाटे मैदानावर येतात आणि रोज घड्याळ लावून १६०० मीटर जीव तोडून मारतात. सुरुवातीला टायमिंग झपाट्याने उतरतं. मग ते सहा मिनिटांजवळ अडकतं आणि थोड्याच दिवसांत नडगी धरते.

पाच-सहा मिनिटांच्या या धावेत बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनच्या जोरावर तयार होते. ती क्षमता वाढायला आठवड्याला भरपूर अंतर पायाखालून जावं लागतं. रोज जोर लावला की पाय थकलेलेच राहतात आणि अंतर भरत नाही. शिवाय दम काही आठवड्यांत वाढतो, हाडांना आणि कंडरांना मात्र महिने लागतात. दुखापत होते ती याच तफावतीत.

बारा आठवडे हाताशी ठेवा. आठवड्यातले चार दिवस सावकाश पळायचं. सावकाश म्हणजे सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं. १६०० ला सहा मिनिटं लागत असतील तर किलोमीटरला साधारण सहा ते पावणेसात मिनिटं. हा वेग लाजिरवाणा वाटतो आणि बहुतेक जण इथेच घसरतात: मागून कुणी पुढे गेलं की वेग वाढवतात. वाढवू नका. २० मिनिटांपासून सुरुवात करा, दर आठवड्याला तीन मिनिटं वाढवा. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात वेळ एक-तृतीयांशाने कमी करा, पुढच्या आठवड्यात कमी करण्याआधीच्या वेळेत तीन मिनिटं मिळवून पुन्हा चढत जा. दहाव्या आठवड्यात ४१ मिनिटं होतात.

पाचवा दिवस राउंडचा, पण तो पाचव्या आठवड्यापासून. आज सहा मिनिटं लागत असतील तर ४०० मीटरचा एक राउंड ९० सेकंदांचा पडतो. सरावात तो ८६-८७ सेकंदांत मारा. असे चार राउंड, मध्ये दोन-तीन मिनिटं चालणं. पुढे हळूहळू सहा राउंड. एखादा राउंड पहिल्यापेक्षा तीन सेकंदांहून जास्त हळू पडला तर त्या दिवशी तिथेच थांबा. सहावा दिवस १०० मीटर आणि गोळाफेकीचा, सातवा पूर्ण विश्रांतीचा. पूर्ण १६०० ची चाचणी चार आठवड्यांतून एकदाच.

शिपाई पदाला पूर्ण २० गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद लागतात, म्हणजे राउंडला साडेसत्याहत्तर सेकंद. सहा मिनिटांवरून तिथे एकाच बारा आठवड्यांत पोहोचता येईलच असं नाही. पण गुण टप्प्याटप्प्याने वाढतात, त्यामुळे वीस सेकंद उतरले तरी फायदा होतो. मुलींच्या ८०० मीटरलाही हीच पद्धत, फक्त राउंड २०० मीटरचे.

नडगीच्या आतल्या कडेला लांब पट्ट्यात दुखत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर आठवडाभर वेळ निम्मी करा, राउंड बंद. बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर पळणं त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाची बारीक चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून लगेच पळू नका.

एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा ४२ च्या पुढे जातो. साडेसहाच्या आत सराव संपवा, आणि रात्रभर उकाडा असेल तर घड्याळ न बघता श्वासावर वेग ठरवा. पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटून पाय जड होतो. मुरमाचा रस्ता धरा. डांबरी रस्त्याची कड उतरती असते, तिच्यावरून सतत पळाल्याने एकाच पायावर ताण येतो. त्यामुळे जमेल तिथे सपाट भाग धरा.

राउंडच्या आदल्या रात्री तर्रीची शेवभाजी नको. कळण्याची भाकरी आणि मुगाची भाजी चालते. पळण्याआधी पाऊण तास एक केळं, नंतर पाणी आणि शेंगदाणे-गूळ.

ग्राउंडच्या, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीच्या, आधीच्या आठवड्यात सावकाश पळणं निम्म्यावर आणा. चार दिवस आधी फक्त दोन राउंड, ठरवलेल्या वेगाने. प्रत्यक्ष धावेत पहिला राउंड हा सगळ्यात धोक्याचा: गर्दीसोबत ७० सेकंदांत मारला तर तिसऱ्या राउंडला पाय उचलत नाहीत. पहिले २०० मीटर मागे राहिलात तरी आपलाच वेग धरा, जोर शेवटच्या ३०० मीटरला लावा.