चौकात ससा घेऊ नका, आणि या चुकाही टाळा

"मी स्वारगेटला येतोच आहे, तिथेच देतो." ससा किंवा गिनीपिग विकणारा असं म्हणाला की फोन ठेवून द्या. जो घरी बोलवत नाही, त्याला पिंजरे दाखवायचे नसतात. पिल्लांची आई कशी आहे, एका पिंजऱ्यात किती जीव कोंबलेत, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी ओळखीतल्या कुणालाच पिल्लू घेऊ देत नाही. त्यासाठी कोथरूडहून हडपसरला जावं लागलं तरी सोबत जाते.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी नातवाच्या वाढदिवसासाठी सशाची दोन पिल्लं घेतली. चौकात, बुटाच्या खोक्यातून. "दोन महिन्यांची आहेत," असं त्यांना सांगितलं होतं. मी हातात घेतली तर मुठीत मावत होती, जेमतेम चार आठवड्यांची. सशाचं पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहायला हवं. इथे आईचं दूध अचानक तुटलं, वर प्रवासाची भीती, आणि घरी आल्या आल्या गाजर-कोबी. कोवळं आतडं हे सोसत नाही. जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशी एक गेलं. दुसऱ्याला मी घरी आणलं, डॉक्टरांकडे दोन खेपा झाल्या, रात्रभर दर दोन तासांनी सिरिंजने थेंब थेंब पाणी पाजलं. पाचव्या दिवशी पहाटे तेही गेलं. काकूंनी विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "दुसरी जोडी न्या, अर्ध्या किमतीत." नातू रडत होता म्हणून काकू निघाल्याही होत्या. मी त्यांना दारातच अडवलं.

"तिथे मेलं असतं हो, म्हणून सोडवून आणलं." हे वाक्य ऐकलं की मला फार त्रास होतो, कारण म्हणणारा माणूस मनाने चांगला असतो. पण सशाची मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. तुम्ही रिकामा केलेला कोपरा महिन्याभरात भरतो, आणि तो भरायला पैसे तुम्हीच दिलेले असतात. दया येत असेल तर पिंजऱ्याचे फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि पशुसंवर्धन खात्याकडे लेखी तक्रार द्या. आयुक्तालय आपल्या पुण्यातल्या औंधमध्येच आहे. २०१८च्या पेट शॉप नियमांत ससे, गिनीपिग, हॅमस्टर सगळे येतात आणि दुकानाला नोंदणी लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र मागायला लाजू नका. पावतीही घ्याच.

"दोन्ही माद्याच आहेत" यावर विश्वास ठेवू नका. गिनीपिगची मादी महिन्याभराची असतानाच गाभण राहू शकते, आणि बेजबाबदार माणूस नर वेगळे काढतच नाही. मी नवीन जनावर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवते आणि पुढचे ७० दिवस स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहिते. गिनीपिगचा गाभणकाळ साधारण तेवढ्यात उरकतो.

"मिनी" किंवा "टी-कप" ससा म्हणजे बहुतेक वेळा फार लहान वयाचं साधं पिल्लू. आईबापांचं वजन विचारा.

दात बघा. वरचे-खालचे जुळत नसतील तर घेऊ नका. ते जन्मभर वाढतात आणि हा दोष बऱ्याचदा आईबापांकडून येतो.

खायला काय देता, हे विचारा. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ढोबळी मिरची, पेरू, कोथिंबीर यांचं नावही न घेता "कोंडा देतो" एवढंच उत्तर आलं, तर मी निघून येते.

आणि "वाढदिवस रविवारी आहे, आजच हवंय" म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: रविवारी मुलाला पिंजरा आणि वाळलेल्या गवताची पिशवी द्या. महिनाभर त्याला रोज पिंजरा पुसू दे, पाण्याची बाटली भरू दे. मग मला फोन करा, आपण मिळून पिल्लू बघायला जाऊ.