जुन्या पिकअपमधील कूलंटची गळती कशी शोधावी

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे उतरवून परत गगनबावड्याच्या किंवा राधानगरीच्या वाटेला लागणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये चालकाच्या सीटमागे पाण्याचा कॅन हमखास असतो. सकाळी रेडिएटर उघडायचा, कमी झाले असेल तेवढे पाणी ओतायचे आणि गाडी काढायची, ही सवय अंगवळणी पडली की गळतीकडे दुर्लक्ष होते. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव मिश्रण, बंद मार्गातून फिरत असते. ते कमी झाले असेल, तर कुठून तरी बाहेर पडले आहे किंवा इंजिनाच्या आत गेले आहे, हे निश्चित समजावे. शिवाय रोज साधे पाणी ओतल्याने मिश्रण पातळ होते, त्यातील गंजरोधक घटक निष्प्रभ होतात आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार जाळीत बसून रेडिएटर आतून चोंदतो.

तपासणी नेहमी थंड इंजिनावर, म्हणजे शक्यतो रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सुरू करावी. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा असतो, तो साधारणपणे दाब दर्शवतो. एवढ्या दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या बरेच पुढे, सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. परंतु झाकण उघडताच दाब एकदम उतरतो आणि तेच पाणी उसळून तोंडावर येते. म्हणून घाटात गाडी तापली, तरी झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला, म्हणजे इंजिन ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

रात्री गाडीखाली, रेडिएटरपासून गिअरबॉक्सपर्यंत पोहोचेल असा मोठा पुठ्ठा अंथरावा आणि राखीव बाटलीवरील पातळीशी खुणेची रेघ ओढावी. सकाळी डाग कुठे पडला आहे हे पाहिले की शोधाचे क्षेत्र बरेच लहान होते, मात्र थेंब नेहमी गळतीच्या बरोबर खालीच पडतो असे नाही. तो क्रॉस मेंबरवरून, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीवरून, ओघळत हातभर पुढे जाऊनही टपकतो. त्यामुळे डागापासून वर, ओल्या रेषेच्या मागोमाग, तिच्या सर्वांत उंच टोकापर्यंत टॉर्च नेत जावे. रंगीत कूलंट वापरण्याचा येथे मोठा फायदा होतो, कारण हिरवा किंवा गुलाबी ओघळ ऑइल आणि पाणी यांच्यातून लगेच वेगळा ओळखू येतो. डाग दिसल्यावर जमीन धुऊन टाकावी. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल गोडसर असल्याने कुत्री ते चाटतात आणि ते त्यांच्यासाठी जीवघेणे विष आहे.

यानंतर रबरी पाइप हाताने दाबून पाहावेत. पाइप क्लिपजवळ फुगलेला, भेगाळलेला किंवा दाबल्यावर कुरकुरणारा असेल, तर तो बदलावाच. गार असताना रबर आकसल्यामुळे क्लिपपाशी थेंब येतात आणि इंजिन तापल्यावर बंद होतात. अशी गळती गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून पाहिल्यास सापडत नाही. वॉटर पंपाखाली एक बारीक छिद्र असते, त्याकडे विशेष लक्ष द्यावे. पंपाचे सील झिजले की कूलंट याच छिद्रातून बाहेर येते आणि वाळून तिथे खरखरीत पांढरट किंवा गुलाबी पापुद्रा तयार होतो. नखाने तो खरवडून, छिद्र पुसून, गाडी चालवून आल्यावर पुन्हा ओल दिसली, तर पंप गेला असे समजावे. हे छिद्र एम-सीलने बुजवणे सर्वांत वाईट, कारण मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

बाहेर काहीच दिसत नसेल, तर प्रेशर टेस्टर लावून घ्यावा. रेडिएटरचे काम करणाऱ्या अनेक गॅरेजमध्ये तो असतो. झाकणाच्या जागी तो बसवून, झाकणावरील आकड्याइतकाच दाब भरावा आणि दहा-पंधरा मिनिटे काटा पाहत थांबावे. अधिक दाब भरल्यास चांगल्या रेडिएटरचीही टाकी फाटू शकते. काटा उतरत असेल, तर दाब असतानाच पाइप, ॲल्युमिनियमची जाळी व प्लास्टिकची टाकी जिथे जुळतात ती कड, आणि इंजिन ब्लॉकचे गोल पत्र्याचे प्लग तपासावेत. झाकणाची तपासणीही याच यंत्राने होते, आणि ती अगोदर करणे मला शहाणपणाचे वाटते, कारण झाकण हा यातला सर्वांत स्वस्त भाग आहे. त्याची स्प्रिंग ढिली पडली की कूलंट बाटलीत ढकलले जाऊन तिथून वाहून जाते.

काटा उतरतो आहे आणि बाहेर एक थेंबही नाही, अशा वेळी हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधील सीलचा, संशय घ्यावा. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा पाइप दगडासारखा कडक होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणे आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय जमणे, ही त्याची लक्षणे आहेत. अशी गाडी भरून घाट चढवू नये. हेड उतरवलेच असेल, तर केवळ गॅस्केट बदलून भागत नाही. शिवाजी उद्यमनगरातील मशीन शॉपमध्ये हेडचा सपाटपणा आणि तडा तपासून, गरज असल्यास फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट, करून घ्यावे. डिझेल गाडीत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) असल्यास हेड उतरवण्यापूर्वी तोही वेगळा काढून तपासावा, कारण तो आतून फुटल्यावरही पाणी असेच नाहीसे होते.

रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक बंद करणारी पावडर टाकण्याचा उपाय केवळ घरी पोहोचण्यापुरता समजावा. ती भेग बुजवते, तशीच जाळीच्या बारीक नळ्याही बुजवते. दुरुस्तीनंतर अर्धे कूलंट आणि अर्धे डिस्टिल्ड वॉटर भरून, केबिनमधील हीटर असल्यास तो पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडे असताना इंजिन चालू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा निघू द्यावी. पहिली फेरी रिकाम्या गाडीने मारावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीवरच्या रेघेशी पातळी पुन्हा जुळवून पाहावी.