विद्यापीठ बघायला मंगळवारी जा

पोरीला पुण्यालाच पाठवायचं, की नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ (स्थापना 1994) किंवा मराठवाडा विद्यापीठाचा धाराशिवचा उपपरिसर चालेल? माहितीपत्रकावरून हे कळत नाही.

1. सत्र चालू असताना, आठवड्याच्या मधल्या वारी, पोरीला घेऊन 11 वाजता थेट विभागात जा. फोन करून नको.

2. फळ्यावरचं वेळापत्रक बघा आणि तो तास खरंच चालू आहे का ते पाहा. प्रयोगशाळेतही डोकवा. एका ठिकाणी आम्हाला सूक्ष्मदर्शकांवर अजून प्लास्टिक चढवलेलं दिसलं. तिथून चहा न पिताच परतलो.

3. दुसऱ्या वर्षाच्या दोघा-तिघांना कॅन्टीनला गाठा. कायमचे प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावरचे किती? निकाल वेळेवर लागतो का? सर नावानं ओळखतात का? बुजऱ्या मुलांसाठी हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मोठ्या शहरातल्या गर्दीत ती मागच्या बाकावरच राहतात.

4. मेसमध्ये एकदा जेवा. शेवटची एसटी विचारा.

नॅकची (विद्यापीठं-महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) श्रेणी बघताना एक ध्यानात ठेवा: ती संपूर्ण विद्यापीठाची असते, तुमच्या पोरीच्या विभागाची नव्हे.