समुद्रातील संरचना आणि लाटांचे संगणकीय मॉडेल : नवोदितांसाठी काही अनुभव

स्थापत्य किंवा यांत्रिकी शाखेतून सागरी अभियांत्रिकीकडे वळणारे विद्यार्थी बहुधा आधी कोणते सॉफ्टवेअर शिकावे हेच विचारतात. माझ्या मते त्याआधी संरचनेची रुंदी लाटेच्या लांबीच्या मानाने किती आहे, हे पाहायला हवे.

मुंबईजवळच्या समुद्रातील मुंबई हाय या तेलक्षेत्राच्या परिसरात पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर आहे. १० सेकंद आवर्तकाळाच्या (दोन शिखरांमधील वेळ) लाटेची लांबी तेथे रेषीय सिद्धांतानुसार साधारण १५५ मीटर भरते. जॅकेटचा, म्हणजे तेलमंचाला आधार देणाऱ्या पोलादी सांगाड्याचा, पाय दीड मीटर व्यासाचा धरला, तर तो या लांबीच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका होतो. अशा पायामुळे लाट फारशी विस्कटत नाही आणि लाटेचे बल काढण्यासाठी १९५० साली मांडलेले मॉरिसन समीकरण पुरते. त्याचे गणित एक्सेलमध्येही करता येते. व्यास लांबीच्या पाचव्या भागापलीकडे गेला, की विवर्तनाचा, म्हणजे संरचनेमुळे लाट वळण्या-पसरण्याचा, विचार करावा लागतो आणि त्यासाठी नेमोह किंवा कॅपिटेन ही मुक्त सॉफ्टवेअर उपयोगी पडतात. पवनचक्कीचा आठ मीटर व्यासाचा मोनोपाइल (समुद्रतळात रोवलेला एकच जाड खांब) लांब वादळी लाटेसाठी पहिल्या, म्हणजे मॉरिसनच्या गटात मोडतो, तर चार सेकंदांच्या, म्हणजे सुमारे २५ मीटर लांबीच्या लाटेसाठी तोच दुसऱ्या, म्हणजे विवर्तनाच्या गटात जातो. ओपनफोमसारख्या, पाण्याचा प्रवाह बारीक तुकड्यांत सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचे महागडे (वेळेच्या दृष्टीने) गणन फुटणाऱ्या लाटा, आघात किंवा डेकवर चढणारे पाणी यांसाठी राखून ठेवावे.

ओपनफोम वापरायचेच असेल, तर आधी संरचना न ठेवता केवळ लाट चालवून पाहावी. आभासी टाकीत ठिकठिकाणी पाण्याची पातळी नोंदवावी आणि नियमित लाटेची उंची सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकते का, हे तपासावे. लाटेच्या उंचीत मेशच्या (गणनासाठी पाडलेल्या जाळीच्या) दहापेक्षा कमी पेशी बसत असतील, तर लाट पुढे जाताना खचत जाते. टाइम स्टेप (गणनातील वेळेचा टप्पा) मोठी असेल, तर शिखरावरील हवेत अवास्तव वेग दिसू लागतात. आणि दूरच्या टोकाशी लाट शोषून घेणारा पट्टा अपुरा असेल, तर परावर्तित लाट परत येऊन सारे आकडे बिघडवते. उंचीतील दहा टक्के घट किरकोळ वाटते, परंतु ओढीचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते सुमारे १९ टक्क्यांनी कमी येते. पॅराव्ह्यू या निकाल चित्ररूपात दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील देखण्या अॅनिमेशनमध्ये यातले काहीही दिसत नाही, हे आढावा बैठकीत बसणाऱ्या वरिष्ठांच्या लक्षात आणून द्यावे लागते.

शिक्षणासाठी आयआयटी मद्रास आणि आयआयटी खडगपूर येथे सागरी अभियांत्रिकीचे स्वतंत्र विभाग आहेत. पुण्याच्या परिसरातील विद्यार्थ्यांनी संधी मिळाल्यास खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएस (केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र) येथील बंदरांची प्रत्यक्ष मॉडेल्स पाहावीत. पडताळणीसाठी प्रयोगशाळेची आकडेवारी मागताना केवळ बलाचा आलेख न मागता, संरचना टाकीत ठेवण्यापूर्वी नोंदवलेल्या लाटेची मूळ कालश्रेणीही (वेळेनुसार पातळीची नोंद) मागून घ्यावी, कारण परावर्तन खऱ्या टाकीतही होते.