पदपथ आणि उद्याने सर्वांसाठी खुली करताना या चुका टाळा

दुचाकी पदपथावर चढू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवले जातात, आणि ते इतके दाटीने रोवले जातात की दुचाकीबरोबर व्हीलचेअरही बाहेरच राहते. माझ्या आईला आमच्या भागातील उद्यानाच्या फिरत्या दारापासून असेच परतावे लागले. शेजारचे मोठे दार कुलूपबंद होते आणि किल्ली माळ्याकडे होती. व्हीलचेअर साधारण 65 ते 70 सें.मी. रुंद असते, म्हणून दोन खांबांमध्ये किमान 90 सें.मी. जागा सोडावी आणि उद्यानाच्या वेळेत मोठे दार उघडेच ठेवावे.

उताराची चूक हिशेबाची असते. 1:12 हे प्रमाण, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी, पाळायचे तर 15 सें.मी. उंचीसाठी 1.8 मीटर लांब उतार लागतो. तेवढी जागा नसेल तर पदपथाचीच उंची कमी करावी. अंध व्यक्तींना वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या फरशांवरील लांबट रेषा म्हणजे ‘पुढे चला’ आणि गोल उंचवटे म्हणजे ‘थांबा’. हा संकेत गवंड्याला कोणी सांगितलेला नसला की त्या शोभेसाठी बसवल्या जातात आणि अंध व्यक्तीला थेट विजेच्या डीपीपर्यंत नेतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पथविक्रेत्यांना केवळ अतिक्रमण समजणे. रात्री नऊनंतर कणसाच्या गाडीवरचा एक दिवा आणि तिथे उभी असलेली चार माणसे यांच्या भरवशावर कितीतरी स्त्रिया बसथांब्यावरून घरी येतात. गाडी हटवली की तोच रस्ता त्यांना लांबचा वळसा घ्यायला लावतो. 2014 च्या पथविक्रेता अधिनियमानुसार नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान 40 टक्के आणि त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असणे बंधनकारक आहे. आराखडा या समितीपुढे काम सुरू होण्याआधी ठेवावा, आणि चालण्यासाठी 1.8 मीटरचा सलग पट्टा राखून विक्रीच्या जागा झाडांच्या रांगेत आखाव्यात.

स्वच्छतागृह बांधून त्याच्या देखभालीची तरतूद न करणे ही चूकही नेहमीची आहे.

काम आधीच बिघडले असेल, तर ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (कामातील दोषांना तो जबाबदार असतो तो काळ) संपला आहे का, हे प्रथम तपासावे. तो चालू असताना दुरुस्ती त्याच्याच खर्चाने करून घेता येते. कालावधी संपला असल्यास काम अंदाजपत्रकात मागावे. पुणे महापालिका 2006 पासून नागरिकांकडून अशी कामे मागवत आली आहे. अर्जात ‘पदपथ सुधारावा’ असे मोघम न लिहिता ठिकाण, खांबांतील अंतर आणि उताराची लांबी मोजून लिहावी, सोबत छायाचित्र जोडावे, आणि अंतिम देयकापूर्वी एका व्हीलचेअर वापरणाऱ्या व एका अंध व्यक्तीसह अभियंत्याने तो मार्ग चालून पाहावा, अशी मागणी त्यातच नोंदवावी.